परमुलखातली पाच दारं

बावड्याकडून वारा आला की समजायचं, उसाचा हंगाम सुरू झाला. कारखान्याच्या मळीचा वास शिवाजी पेठेपर्यंत येतो. माणसं नाकाला रुमाल लावून शिव्या देतात आणि घरी जाऊन गुऱ्हाळावरचा नवा गूळ भाकरीशी खातात. यंदाही वारा आला, वास आला. आणि त्या वासाबरोबर मला एक हाक ऐकू यायला लागली. बाईची, घोगरी, शेवटी लांबवलेली. "अंबाबाईचा जोगवा वाढा गं, माय!" हाक आमच्या पेठेतली आहे, पण ती ज्या गल्लीतून येते ती गल्ली इथली नाही. तिथं विटांच्या भिंती आहेत, कोरीव काळ्या खिडक्या आहेत, धुकं आहे, आणि सगळ्या पुरुषांचे कान झाकलेले आहेत.

मी भुतंखेतं मानत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचून कुणी माझ्या नावानं ऊद घालायला नको.

आमच्या घरात पोथ्या नव्हत्या, पत्रकं होती. वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. चळवळीतली माणसं त्यांच्याकडून पत्रकं छापून घ्यायची आणि उरलेले गठ्ठे आमच्या घरी येऊन पडायचे. हुंड्याविरुद्ध, सावकाराविरुद्ध, बुवाबाजीविरुद्ध. थंडीत आम्ही तेच गठ्ठे पसरून त्यावर अंथरूण घालायचो. 'बंधू-भगिनींनो' हा मी आयुष्यात वाचलेला पहिला शब्द. कॉलेजात गेल्यावर मी स्वतःचं पहिलं पत्रक लिहिलं. देवाच्या नावावर दारोदार मागणं बंद करा, ज्याला धडधाकट हात आहेत त्यानं ते पसरू नयेत, असा त्याचा मथितार्थ होता. शेवटच्या वाक्यावर मी स्वतःच खूष होतो. पेठेतल्या प्रत्येक दारात ते नेऊन दिलं. आत्तीच्याही.

आत्ती म्हणजे वडिलांची थोरली बहीण. पुढच्या शुक्रवारी ती आमच्या दारावरून गेली तेव्हा तिच्या परडीत, म्हणजे जोगवा मागायच्या त्या वेताच्या टोपलीत, माझं पत्रक तळाला अंथरलेलं होतं.

"कागद जाड हाय तुझा," ती म्हणाली. "पीठ गळत न्हाय. आणि हायत का?"

वडील आत खोकल्याचं निमित्त करून हसत होते.

आत्ती काही मागून खाणारी बाई नव्हती. घरी दोन म्हशी, थोडं शेत. जोगवा हा तिचा नवस होता, आणि तो तिच्या मुलासाठी होता. दिनू एकुलता एक. तालमीत वाढलेला, भरल्या अंगाचा, माझ्याहून थोडा मोठा. एका मैदानात तो भर पेठेसमोर चीत झाला. हरला म्हणून तो घर सोडून गेला, असं लोक सांगतात. मला ते पटत नाही. हरून घरी आल्यावर त्याच्याशी कुणी बोललं नाही, म्हणून तो गेला. बाप समोर बसून तंबाखू मळत राहिला. तालमीतले वस्ताद दिसले की रस्ता ओलांडायचे. आईनं दूध पुढं ठेवलं, पण तीही काय बोलावं म्हणून गप्पच राहिली. उसाचेच दिवस होते. एका सकाळी तो स्टँडकडे चालत जाताना कुणाला तरी दिसला. हातात पिशवीसुद्धा नव्हती.

त्या आठवड्यापासून आत्तीनं व्रत धरलं. दिनू परत येईपर्यंत दर शुक्रवारी पाच दारी जोगवा मागायचा, मिळेल तेवढंच रांधून खायचं, आणि एकदा मागितलं त्या दारात पुन्हा जायचं नाही. शेवटची अट कुठल्याच देवीनं घातलेली नाही. ती आत्तीची स्वतःची.

त्या अटीचा अर्थ मला एकदा तिच्याबरोबर चालल्यावर कळला. जोगव्याला आलेल्या बाईला कुणी 'काय काम आहे' असं विचारत नाही. ती दारात उभी राहते, घरातली बाई पीठ आणायला आत वळते, आणि तेवढा वेळ ते उघडं दार तिचं असतं. आत्ती तेवढ्यात घर बघून घ्यायची. ओसरीवर कोण, चुलीपाशी कोण, घोंगडी घेऊन कोण पडलंय. आणि पुरुष दिसला की ती तोंडाकडे बघायची नाही, कानाकडे बघायची. कुस्ती खेळून खेळून पैलवानाचे कान मोडतात, चुरगळल्यासारखे होऊन तसेच घट्ट बसतात. "तोंड फशीवतंय," ती म्हणायची. "दाढी यील, गाल बसतील. कान कुटं जातोय?"

शिवाजी पेठेतली दारं संपली. मग बाकीच्या पेठा. मग बावडा, उसाच्या फडातल्या खोपटांसकट. मग एस.टी.नं राधानगरी, धरणाच्या कडेच्या वाड्या. पोलिसांनी एका अर्जावर जेवढा शोध घेतला नसेल तेवढा या बाईनं परडी घेऊन घेतला. मी मात्र तेव्हा पत्रकांत असल्या बायकांना अडाणी म्हणत होतो. 'अडाणी' हा शब्द मी पुढं कधी वापरला नाही. बाकीचं पत्रक आजही मागं घेत नाही.

मग एक ट्रकवाला आला. माल घेऊन पार नेपाळपर्यंत जाऊन आलेला. काठमांडूत एका खानावळीत कणीक मळणारा एक गडी त्यानं बघितला होता. कान तसलेच. आणि तव्याला हात लागल्यावर त्याच्या तोंडून शिवी निघाली.

"शिवी आपली हुती, आक्का," ट्रकवाला गळ्याला हात लावून म्हणाला. "तसली शिवी दुसऱ्या मुलखात कोण देत न्हाय."

आत्तीनं त्याला शिवी पुन्हा म्हणायला लावली. त्यानं लाजत, खाली बघत म्हटली. "व्हय," ती म्हणाली, "आमच्या घरातलीच हाय," आणि डोळ्याला पदर लावला.

पेठेतले सर्जेराव तेव्हा यात्रेच्या गाड्या काढायचे. काशी, गया आणि सगळ्यात स्वस्तातला परदेश, म्हणजे नेपाळ, अशी त्यांची जाहिरात. आचारी बरोबर, स्टोव्ह बरोबर, गाद्या ज्यानं त्यानं आणायच्या. तिला हिंदी येत नाही म्हणून वडिलांनी मला तिच्याबरोबर धाडलं. माझी हिंदीही 'हमारे को मालूम न्हाय' याच्या पुढं फारशी जात नव्हती, पण ते कुणी विचारलं नाही. मी अट घातली, कुठल्याही देवळात मी हात जोडणार नाही.

"नगं जोडू," आत्ती म्हणाली. "पिशव्या धराय हात मोकळं लागतातच की."

तिच्या पिशवीत नव्या गुळाची एक भेली होती. दिनूला नव्या हंगामाचा गूळ लागतो म्हणून.

सरहद्दीच्या नाक्यावर नेपाळी शिपायानं आमची पिशवी उघडली. वरच परडी, त्यात अंबाबाईचा फोटो, नारळ, आणि त्याला लागून ॲल्युमिनियमच्या डब्यात लालभडक पूड. शिपाई एकदम गंभीर झाला. त्यानं टोपी काढली, डोळे मिटले, चिमूटभर पूड घेतली आणि कपाळावर रुंद टिळा ओढला. उरलेली बोटं भक्तिभावानं डोळ्यांना लावली.

"आरं आरं, चटणी हाय ती!" आत्ती ओरडली.

चटणी म्हणजे आमचं वर्षाचं तिखट. मी घाईनं हिंदी केली. "भाईसाब, ये देवी का नहीं, रस्से का है!"

गाडीतली सगळी माणसं श्वास धरून बसली. आता परदेशात तुरुंग, असं सर्जेराव स्पष्ट म्हणाले. पण आत्ती उतरली, त्या पोराची बंदूक हातानं बाजूला सारली, त्याला बाकावर बसवला, पापण्यांना तूप लावलं आणि पदराचा बोळा करून त्यावर तोंडानं वाफ देत बसली. तो रडत होता आणि हसतही होता आणि तिला आमा, आमा म्हणत होता. आमा म्हणजे आई, एवढं तिला न सांगता कळलं. तिनं लगेच गुळाचा खडा त्याच्या हातावर ठेवला आणि कंबरेच्या पिशवीतून दिनूचा फोटो काढला.

आता त्या फोटोबद्दल सांगायला पाहिजे. दिनूचा तेवढा एकच फोटो घरात होता, तालमीत काढलेला. लंगोट, अंगभर तांबडी माती, हाताची घडी, मांड्या तटतटलेल्या. डोळे चोळत शिपायानं तो लांब धरला, जवळ धरला आणि अदबीनं म्हणाला, "बहुत तगडा."

"तगडा ऱ्हाऊ दे लेका, तोंड बघ, तोंड!"

पुढं सगळीकडे हेच झालं. ज्याला फोटो दाखवावा तो मांड्या बघायचा. चहावाल्यानं बघितल्या, एका पुजाऱ्यानं बघितल्या, दोन म्हाताऱ्या तर लाजून हसत सुटल्या. तोंड कुणी बघायचंच नाही. प्रत्येकाला गुळाचा खडा मात्र मिळत होता. भेली कमी होत चालली.

घाटात गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. सर्जेराव उभे राहून म्हणाले, "पावणं, फॉरीनचा रस्ता हाय, जरा सोसा की."

"रस्ता फॉरीनचा, पर गाडी तर आपली हाय न्हवं?" मागून कुणीतरी.

"तीच तर तुटली!"

आम्ही दोघं मुळ्यानं भरलेल्या एका ट्रकवर चढून पुढं गेलो. ओले, बर्फासारखे गार मुळे. खाली दरी, समोर कधी न बघितलेले पांढरे डोंगर. आत्ती त्या ढिगावर मांडी घालून बसली होती, डोक्याला शाल, मांडीवर परडी. माझे दात वाजत होते. ती म्हणाली, "परतापा, देव न्हाय म्हंतोस न्हवं? मग हे एवढं कुणी करून ठेवलंय, नगरपालिकेनं?" मला उत्तर येत होतं. भूगर्भशास्त्र मी वाचलं होतं. पण थंडीनं जबडा उघडेना.

काठमांडूत ती खानावळ सापडली. मालकानं फोटो बघितला, अर्थात मांड्याच. मग तो थांबला आणि काही न बोलता त्यानं एक केलं. उजवा हात उचलला आणि स्वतःच्या मांडीवर खणखणीत थाप मारली. कणकेत हात घालण्याआधी तो माणूस रोज असं करायचा, म्हणाला. खानावळीतले आम्ही सगळे हसायचो.

शड्डू. आखाड्यात उतरताना पैलवान ठोकतो तो शड्डू. कणकेच्या गोळ्यासमोर.

आत्ती रस्त्यावरच खाली बसली. मी तिच्या शेजारी बसलो. माणसं आम्हाला वळसा घालून जात होती. मालक म्हणाला, तो काम सोडून गेला, कुठं ते नीट ठाऊक नाही, भक्तपूरकडे वीटभट्टीवर माणसं लागतात असं काहीतरी म्हणत होता. पुराव्याशिवाय मी काही मानत नाही. हा पुरावा होता. दिनू जिवंत होता, इथं होता, आणि त्याला कुस्ती सुटली नव्हती.

भक्तपूरला पोचलो तेव्हा भट्ट्या बंद होत्या. धुक्यामुळं विटा वाळत नव्हत्या आणि मजूर गावात पांगले होते. दुसऱ्या दिवशी शुक्रवार. आत्तीचं अंग रात्रीच तापलं होतं. मी म्हटलं, आज राहू दे. तिनं कुंकू लावलं, परडी घेतली आणि धर्मशाळेच्या पायऱ्या भिंत धरून उतरली.

पहिल्या दाराशी तिनं हाक दिली तेव्हा वरच्या कोरीव खिडकीतून तीन तोंडं बाहेर आली. त्या गल्लीत ती हाक कुणी कधी ऐकली नसेल. पण टोपली, कुंकू आणि देवीचा फोटो बघून कुणी भाषा विचारली नाही. एक बाई खाली आली आणि तिनं परडीत तांदूळ घातले. आत्तीनं आत बघितलं. एक म्हातारा, एक तरुण. दोघांच्या टोप्या कानाखाली ओढलेल्या. दुसऱ्या दारात मफलर. तिसऱ्या दारात घोंगडी डोक्यावरून घेतलेला माणूस. ती वाकून, मान वाकडी करून बघायची आणि हताश व्हायची.

"सगळ्यांनी कान झाकल्यात रं," ती मला म्हणाली. "हितं कसं हुडकायचं माणसानं?"

मला हसू आलं. तिलाही आलं. तापानं लाल झालेल्या तोंडानं ती हसली आणि हसता हसता तिचा आवाज फुटला. चौथ्या दाराशी हाक अर्धीच निघाली. तिथलं वाढून घेतलं आणि ती त्याच ओट्यावर भिंतीला टेकली. पाय उचलेना.

"आणि एक दार ऱ्हायलंय," ती म्हणाली.

"आत्ती, तू चल. चार झाली की."

"आणि पाचव्यात असला तर?"

याला माझ्याकडे पत्रक नव्हतं. मी परडी उचलली.

ती गल्ली मी अजून चालतो. झोपेत नाही, जागेपणी. दुधाळीकडे वळताना, छापखान्याच्या बोळात, कुठंही. पायाखाली ओल्या विटा. हातात परडी, तांदूळ एका बाजूला सरकतायत. दार बुटकं होतं, त्यावर शेंदराचे हात उमटवलेले. ज्या तोंडानं मी सभांत घोषणा दिल्या त्या तोंडानं हाक मारायची होती. घोषणा देणं सोपं, मागं शंभर माणसं असतात. इथं मी एकटा. मी म्हटलं, "अंबाबाईचा..." आणि थांबलो. मग पोटातून आवाज काढला. "अंबाबाईचा जोगवा वाढा गं, माय!"

दार उघडलं. म्हातारीनं परडी बघितली, मला बघितलं. दाढी वाढलेला, चष्मा लावलेला हा कसला जोगी, असं तिला वाटलं असणार. पण ती वळली आणि आत गेली, आणि दार माझं झालं.

आत अंधार होता, मध्ये शेगडी. शेगडीपाशी एक माणूस पाठमोरा बसला होता. रुंद पाठ. खांदे असे की शर्ट शिवणीवर ताणलेला. डोक्याला मफलर गुंडाळलेला, कान दिसत नव्हते. मी मागणारा आहे, गप्प उभं राहायचं, हे सगळं विसरलो.

"दिन्या!" मी ओरडलो. "लेका, हिकडं बघ की! आई आलीया!"

पाठ हलली. त्या हलण्यात आणि तोंड वळण्यात जो वेळ गेला, तेवढ्यापुरता मी कशाला ना कशाला तरी हात जोडले असते. काय म्हणून, ते ठाऊक नाही. हातात परडी होती म्हणून जुळले नाहीत, एवढंच.

माणूस वळला. गोल, परका, दयाळू चेहरा. त्यानं मफलर सोडला, शेगडीपाशी जागा केली आणि मला बसायची खूण केली. कान चांगले, गोल, शाबूत. म्हातारीनं परडीत ओंजळभर पोहे घातले. मी बसलो नाही. भेलीतला उरलेला गूळ माझ्या खिशात होता, तो त्याच्या हातावर ठेवला आणि बाहेर आलो.

आत्तीनं परडीत बघितलंच नाही.

"कान बघितलास?"

"बघितला."

"मग?"

"न्हाय, आत्ती."

तिनं शाल डोक्यावर नीट ओढली. मग भिंत धरून उठली. "बरं. म्हंजी ह्या दारात न्हाय. फुडच्या कुठल्यातरी दारात आसंल." आणि मग माझ्याकडे बघून, त्या तापातही, "पर हाक झ्याक मारलीस. पार वरच्या आळीला ऐकू गेली आसंल. सभेत बी आशीच मारतोस?"

मी तिला रागावून सांगत होतो की हे व्रत फोल आहे, हा शोध असा होत नाही, पोलीस, वर्तमानपत्र, वकिलात. ती माझ्या खांद्यावर भार देऊन चालत होती आणि प्रत्येक उघड्या दाराकडे बघत होती. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की मीही बघत होतो.

आम्ही परत आलो. दिनू आला नाही. आत्ती शुक्रवार चालवत राहिली, पाय चालले तोवर. गेल्या पावसाळ्यात ती गेली. ही तिच्याशिवायची पहिली मळी, पहिला वारा. घरात आता परडी कुणी उचलत नाही. आत्तीचा नवरा ओसरीवर बसून असतो. रस्त्यावर कुणाची पावलं वाजली की तो मळलेली तंबाखूही हातात तशीच ठेवून दाराकडे बघतो.

देव नाही, हे माझं मत आजही तेच आहे. दिनू नाही, हे मात्र मला अजून कुणी पटवून दिलेलं नाही. कुणी म्हणतात, एवढ्या वर्षांत तो मेला असेल. पुरावा द्या म्हणतो मी. माझ्या बरोबरच्या कार्यकर्त्यांना हा विनोद वाटतो. आत्तीला जी गोष्ट देवीमुळं जमत होती ती मला कशाच्या जोरावर जमते, याचं उत्तर मी स्वतःला अजून दिलेलं नाही. आणि ती हाक ऐकू येते तेव्हा नीट कान दिला तर ती दर वेळी तिचीच असते असं नाही. कधीकधी ती माझ्या आवाजात असते.

परवा राधानगरीच्या बाजूला ऊसतोड मजुरांच्या मजुरीचं पत्रक घेऊन गेलो होतो. घरोघर जायचं, पत्रक द्यायचं, दोन शब्द बोलायचे, पुढं जायचं. माझं काम नेहमीच बाकीच्यांच्या मागं पडतं. एका दारात एक बाई भाकरी थापता थापता उठून आली. तिनं पिठाच्या हातानं पत्रक घेतलं. मी दोन शब्द बोललो. ती मान हलवून उभी राहिली आणि मीही उभाच राहिलो.

"पत्रक दिलंसा न्हवं, पावणं?" ती म्हणाली. "मग आता आत काय बघताय?"

मागं गल्लीतून बरोबरचे हाका मारत होते. काहीतरी सांगून निघता आलं असतं.

"आमचा एक माणूस हुडकतोय," मी म्हटलं. "घर सोडून गेलाय. पैलवान होता."

तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. आत तिचा नवरा, दीर, कुणी असेल नसेल. परक्या पुरुषाला घरात घ्यायचं काही कारण नव्हतं. मग ती दारातून बाजूला सरकली आणि पिठाच्या हातानंच तिनं दाराची फळी पूर्ण मागं ढकलली.

"न्हाय हितं तसलं कोण," ती म्हणाली. "पर तुमी बघून जावा की. मनात ऱ्हायला नगं."

मी चपला काढल्या आणि आत गेलो.